हृदयविकार हे प्राक्तन नव्हे!

वस्तीतला चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा कर्ता माणूस अचानक जातो. दारात माणसे जमतात आणि 'अटॅक आला' या दोन शब्दांत सारा विषय संपतो. कुणी म्हणतो, त्याची वेळच भरली होती. कुणी म्हणतो, चांगल्या माणसाचे असेच होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, चार भाषणे होतात, दोन हळहळतात. पण त्याला पहिली कळ किती वाजता आली, तो दवाखान्यात किती वाजता पोहोचला आणि मधल्या वेळात कुणी काय केले, हे प्रश्न कुणीच विचारत नाही. ज्या समाजाने दैव, प्राक्तन आणि पूर्वसंचित यांना मूठमाती दिली, त्याच समाजाने हृदयविकाराच्या मृत्यूपुढे मात्र 'नशीब' म्हणून हात टेकावेत, हे आम्हाला पटत नाही. दुःखाला कारण असते आणि कारण कळले की निवारणाचा मार्गही असतो, ही तथागतांची शिकवण. ती आपल्या छातीतल्या कळेलाही लागू आहे.

हृदयविकार हा श्रीमंतांचा, बसून खाणाऱ्यांचा रोग आहे, हा गैरसमज आपल्या समाजात फार खोल रुतलेला आहे. कोयता चालवणाऱ्याला, हमाली करणाऱ्याला, विटा वाहणाऱ्या बाईला कसला आलाय अटॅक, असे आपण सहज बोलून जातो. कष्टाने शरीराचा फायदा होतो हे खरे. पण बिडीचा धूर, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातली साखर यांचा हिशेब कष्टाने फिटत नाही. 2004 साली 'इंटरहार्ट' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 52 देशांत केलेल्या या अभ्यासाने दाखवून दिले की हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यामागे बहुतांशी नऊच कारणे असतात. तंबाखू, बिघडलेले कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि दारूसंबंधीच्या सवयी ही ती कारणे. दक्षिण आशियातील माणसाला हा झटका इतरांपेक्षा कितीतरी वर्षे आधी गाठतो, हेही त्यातच दिसले. या नऊ कारणांत नशिबाचे नाव कुठेही नाही.

मुळात हा रोग होतो कसा? हृदय हा एक स्नायू आहे. साऱ्या अंगाला रक्त पुरवणाऱ्या या स्नायूलाही स्वतःसाठी रक्त लागते आणि ते त्याच्यावर पसरलेल्या बारीक धमन्यांतून येते. वर्षानुवर्षे या धमन्यांच्या आतल्या अस्तरात चरबीचा थर साचत जातो. पाटाच्या चारीत गाळ साचावा आणि शेवटच्या वाफ्याला पाणी कमी पडावे, तसे होते. चढ चढताना, ओझे उचलताना छाती भरून येते आणि थांबले की बरे वाटते. ही पहिली सूचना असते. पुढे कधी तरी तो थर अचानक फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि धमनी पूर्ण बंद होते. यालाच आपण झटका म्हणतो. त्या क्षणापासून हृदयाचा तेवढा भाग उपाशी पडतो. अर्ध्या तासातच स्नायू मरू लागतो आणि पुढचे काही तास तो मरत राहतो. मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही. म्हणून झटक्यामध्ये घड्याळ हेच पहिले औषध आहे.

आता आपल्याला जिव्हारी लागावी अशी गोष्ट सांगतो. 2001 ते 2005 या काळात भारतातल्या 89 रुग्णालयांतील वीस हजारांहून अधिक हृदयरुग्णांची नोंद ठेवली गेली. 'क्रिएट' नावाने ही पाहणी 2008 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. धमनी पूर्ण बंद झालेल्या रुग्णांना कळ आल्यापासून रुग्णालयात पोहोचायला लागलेला मध्यम वेळ होता 360 मिनिटे. म्हणजे निम्मे रुग्ण सहा तासांच्याही नंतर पोहोचले. रुग्णालयात पोहोचल्यावर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळायला मात्र मध्यम वेळ अवघा 50 मिनिटांचा लागला. आणखी एक आकडा पाहा. महिन्याभरात दगावलेल्यांचे प्रमाण गरिबांमध्ये 8.2 टक्के होते, तर सुखवस्तूंमध्ये 5.5 टक्के. गरिबाचे हृदय काय वेगळ्या मातीचे असते? संशोधकांनी जेव्हा मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरला, तेव्हा मृत्यूतला हा फरक उरलाच नाही. गरीब माणूस गरिबीच्या रक्ताने मेला नाही. त्याला उपचार कमी मिळाले म्हणून तो मेला. जन्मावरून माणसाचे भवितव्य ठरवणाऱ्या व्यवस्थेशी ज्यांनी झुंज दिली, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आमच्या नगर जिल्ह्याकडे, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगरकडे पाहा. 17,048 चौरस किलोमीटरचा, चौदा तालुक्यांचा, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वात मोठा जिल्हा. हृदयाची मोठी शस्त्रक्रिया किंवा अँजिओप्लास्टी जिथे होते, अशी रुग्णालये प्रामुख्याने नगर शहरात आणि उत्तरेच्या बागायती पट्ट्यात, शिर्डी-लोणीच्या बाजूला. जामखेडहून नगर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. अकोल्याच्या डोंगरातल्या ठाकर-महादेव कोळ्यांच्या पाड्यावरून तर रात्रीच्या वेळी पक्का रस्ता गाठायलाच तास जातो. पाणी जसे उत्तरेला मुबलक आणि दक्षिणेला टँकरने, तशीच आरोग्यसेवाही वाटली गेली आहे. त्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेडचा ऊसतोड मजूर सहा महिने घराबाहेर, कारखान्याच्या फडात. छातीत दुखले म्हणून दिवसभर बसला तर मुकादम खाडा लावतो. मग तो कळ दाबून मोळी उचलतो. त्याने दवाखान्यात उशीर केला असे आपण म्हणतो. पण तो उशीर त्याच्या उचलीच्या वहीत आधीच लिहिलेला असतो.

तरीही काही उशीर आपल्या हातातला आहे आणि त्याचे नाव आहे 'गॅस'. छातीत जळजळले, दडपण आले की घरातले म्हणतात, रात्री वांग्याची भाजी खाल्ली ना, गॅस झालाय. ओवा चावायला देतात, सोडा पाजतात, छातीला बाम चोळतात, कुणी देवऋष्याकडे अंगारा आणायला धावतो. या खटाटोपात पहिले दोन तास जातात आणि तेच सर्वात मोलाचे असतात. म्हणून लक्षणे पाठ करून ठेवा. छातीच्या मधोमध दाब, आवळल्यासारखे किंवा जड वजन ठेवल्यासारखे वाटणे. ती कळ डाव्या हातात, दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत किंवा बेंबीच्या वर पसरणे. दरदरून थंड घाम, मळमळ, धाप, जीव घाबरा होणे. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत कळ नसतेही. नुसती धाप, कमालीचा थकवा, ओकारी एवढेच होते. 'बाईला कुठला अटॅक' असे म्हणून आपल्या आया-बहिणींची दुखणी घरातच विझवली जातात. दहा-पंधरा मिनिटांत न थांबणारी अशी कळ असेल, तर ती गॅस आहे की हृदय, हे ठरवण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही. तो ईसीजीला आणि डॉक्टरला आहे. पहिला ईसीजी चांगला आला तरी कळ चालू असेल तर दुसरा काढा, असा आग्रह धरा.

अशा वेळी करायचे काय? माणसाला चालवू नका, जिना चढू देऊ नका, मोटारसायकलवर एकट्याला पाठवू तर मुळीच नका. 108 ला फोन करा. महाराष्ट्रात 2014 पासून ही मोफत रुग्णवाहिका चालते आणि तिच्यात डॉक्टर असतो. अ‍ॅस्पिरिनची वावडी नसेल, पोटात रक्तस्राव किंवा अल्सर नसेल, तर त्या डॉक्टरला विचारून तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या. जिभेखालची गोळी मात्र आधी डॉक्टरने लिहून दिलेली असेल तरच. तीने रक्तदाब एकदम उतरू शकतो. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास घेत नाही, तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोरात दाब द्यायला लागा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दोन इंच खोल, मदत येईपर्यंत. हे शिकायला पदवी लागत नाही. आपल्या समता सैनिक दलाच्या प्रत्येक सैनिकाला हे एका दुपारीत शिकवता येईल.

पैशाच्या धास्तीने घरात बसणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. 1997 सालची जीवनदायी योजना, तिच्या जागी आलेली 2012 ची राजीव गांधी जीवनदायी योजना आणि 2017 पासून तिला मिळालेले महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना हे नाव, असा हा प्रवास आहे. 1 जुलै 2024 पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण झाले आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही त्यात घेतले गेले. अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही या योजनेत बसतात. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. दारात पोहोचताच त्याला गाठा. तातडीच्या रुग्णासाठी आधी फोनवर मंजुरी आणि मागाहून कागदपत्रे अशी सोय आहे. म्हणून रेशनकार्ड सापडेना म्हणून माणूस घरात ठेवू नका. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार मोफत झाले आहेत. नगरच्या एमआयडीसीत, कारखान्यांत काम करणाऱ्यांनी आपले राज्य कामगार विम्याचे कार्ड शोधून ठेवावे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, 1943 साली प्रा. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. त्याच पायावर 1948 चा कायदा उभा राहिला. बापाने बांधलेल्या घराची किल्ली खिशात असताना आपण अंगणात का झोपायचे?

एक सावधगिरीही सांगायला हवी. झटका आलेला असताना बंद धमनी तातडीने उघडणे हा जीव वाचवणारा उपचार आहे. तिथे घोळ घालू नये. मोठे रुग्णालय दूर असेल, तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन घेऊन मग पुढे जाणे, हाही शास्त्रशुद्ध मार्ग आहे. पण झटका नाही, फक्त चालताना भरून येते आणि अँजिओग्राफीत 'ब्लॉकेज' सापडले, तर गोष्ट वेगळी. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' या अभ्यासात 37 देशांतले 5,179 असे स्थिर रुग्ण होते. आधी औषधे दिलेल्यांत आणि लगेच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत मृत्यूचे प्रमाण सारखेच राहिले. दुखणे कमी व्हायला स्टेंटचा उपयोग झाला, आयुष्य वाढवायला झाला नाही. मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असेल किंवा हृदय कमजोर असेल तर निर्णय वेगळा असतो. तेव्हा 'आत्ताच्या आत्ता सही करा, नाही तर माणूस जाईल' असे कुणी सांगितले तर शांतपणे विचारा, झटका चालू आहे का? औषधावर राहता येईल का? रिपोर्टच्या प्रती घ्या, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. लाखाच्या घरात विकला जाणारा औषधी स्टेंट फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने 29,600 रुपयांवर आणला. त्याआधी किती जणांनी शेतजमिनीचे तुकडे विकून तो घेतला असेल, याचा हिशेब कोण देणार?

आणि स्टेंट टाकला म्हणजे रोग गेला, असेही नाही. एक चारी साफ झाली, पण गाळ आणणारे पाणी तेच राहिले. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाबाच्या गोळ्या यांवरच पुढचे आयुष्य उभे असते. बरे वाटते म्हणून, उपास आहे म्हणून, पैसे संपले म्हणून किंवा 'किडनी खराब होते' असे कुणी सांगितले म्हणून गोळी बंद करणारे आपल्या आसपास किती तरी आहेत. स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी धरू शकते. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरला विचारावे. 2011 साली छापल्या गेलेल्या 'प्युअर' या पाहणीत भारतासारख्या गरीब देशांतले दर शंभरातले ऐंशी हृदयरुग्ण यांपैकी एकही औषध घेत नव्हते. ही औषधे नवी नाहीत, महागही राहिलेली नाहीत. सरकारी दवाखान्यात, जनऔषधी दुकानात ती मिळतात. आले-लसूण-लिंबाचा काढा पिऊन ब्लॉकेज उघडतो, असे मोबाइलवर फिरणारे निरोप म्हणजे नव्या काळाचा अंगाराच होय.

आता मुळावर येऊ. नगर आणि संगमनेर ही विडी उद्योगाची जुनी केंद्रे. मांडीवर सूप घेऊन आमच्या हजारो मायमाउल्यांनी विड्या वळल्या, तंबाखूची भुकटी श्वासात घेतली आणि लेकरे शिकवली. त्या कष्टाला आमचा सलाम. पण तीच विडी ओढून आमचे बाप गेले आणि दात घासायला म्हणून मिसरी लावणाऱ्या आमच्या आयांना, आपण तंबाखू खातो आहोत हेही कुणी सांगितले नाही. 'इंटरहार्ट'मधल्याच तंबाखूविषयीच्या 2006 च्या विश्लेषणात, नुसती तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही झटक्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला. धूर नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत सोडली पाहिजे. मिठाचेही तसेच. ठेचा, खारवलेले, फरसाण, पापड यांतून दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा कधी ओलांडली जाते कळत नाही. नगरच्या मातीतली बाजरी-ज्वारीची भाकरी, मटकी-हुलगा, शेंगदाणे, पालेभाजी हे अन्न वाईट नाही. वाईट आहे ते तिच्या जागी आलेले वडापाव, पुन्हा पुन्हा तापवलेले तेल आणि रात्रीची बाटली.

मग करायचे काय? उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य जामखेडला आले. गावाने निवडलेल्या बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्यांत निरक्षर होत्या, टाकलेल्या होत्या आणि गावकुसाबाहेरच्या दलित भगिनीही होत्या. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्या हातात गावाने आपली बाळंतपणे सोपवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1975 च्या पुस्तकात जामखेडचा अनुभव छापला गेला, 1979 मध्ये या दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. न शिकलेली बाई हे करू शकली, तर आमची शिकलेली पोरे रक्तदाब मोजू शकणार नाहीत?

म्हणून आमचे सांगणे असे. प्रत्येक बुद्ध विहारात रक्तदाब मोजायचे एक यंत्र असावे. दोन हजारांच्या आसपास मिळते. जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात पंचक्रोशीतल्या साऱ्या विहारांची सोय होईल. दर पौर्णिमेला वंदनेनंतर तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजून वहीत लिहावा. 140/90 किंवा त्याहून जास्त पुन्हा पुन्हा आला, तर त्या माणसाला आशाताईंच्या मदतीने आरोग्य केंद्रात न्यावे. वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर तपासावी. 126 किंवा त्याहून जास्त असेल तर तो मधुमेह समजून डॉक्टरांकडे जावे. ज्यांना रोग आहे त्यांच्या गोळ्या चालू आहेत की नाहीत, हे त्याच वहीत पाहावे. विहाराच्या भिंतीवर 108 हा आकडा, जवळच्या ईसीजी असलेल्या दवाखान्याचे नाव आणि रात्री गाडी काढणाऱ्या दोघा-तिघांचे फोन रंगवून ठेवावेत.

आणि दुसरा हात शासनाच्या दाराशी असावा. संविधानाच्या अनुच्छेद 47 ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. 1996 साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार वेळेत न देणे हा अनुच्छेद 21 ने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. तो खटला एका शेतमजुराचा होता, हे विसरू नका. तेव्हा ग्रामसभेत, पंचायत समितीत, रुग्ण कल्याण समितीत आपल्या कार्यकर्त्यांनी साधे तीन प्रश्न विचारावेत. आमच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजीचे यंत्र रात्री चालू असते का? तो वाचणारा डॉक्टर रात्री हजर असतो का? गुठळी विरघळवणारे इंजेक्शन कपाटात आहे का? उत्तर लेखी घ्यावे, दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारावे.

स्वतः बाबासाहेबांनी मधुमेह आणि पायांच्या असह्य वेदना सोसत संविधानाचे काम तडीस नेले. वयाच्या 65 व्या वर्षी ते गेले आणि समाज पोरका झाला. ते आणखी दहा वर्षे लाभते तर, हा विचार आजही आपल्याला छळतो. तोच विचार प्रत्येक वस्तीतल्या, प्रत्येक घरातल्या कर्त्या माणसाबद्दल आपण का करत नाही? अकाली गेलेल्या कार्यकर्त्याच्या फोटोला हार घालण्यापेक्षा, त्याची कळ वेळेत ओळखून त्याला जिवंत ठेवणे हे अधिक मोठे काम आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. येत्या पौर्णिमेपासून त्या वहीचे पहिले पान उघडावे.